२२ नंबरचं काय ठरलं? पिट्सबर्ग पायरेट्सच्या व्यवस्थापनाला खुले पत्र

पिट्सबर्ग, १ फेब्रुवारी २०२६

संघमालक श्री. बॉब नटिंग, सरव्यवस्थापक श्री. बेन चेरिंग्टन आणि पिट्सबर्ग पायरेट्सचे सर्व पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

हेच पत्र इंग्रजीत लिहून तुमच्या कार्यालयाला आधीच पाठवलं आहे. ते फार सभ्य झालं. म्हणून पुन्हा मराठीत लिहितो आहे. शिवाय गेली सोळा वर्षं माझे सांगलीकडचे नातलग आणि इथले निम्मे मराठी मित्र मला विचारत आले आहेत, की त्या बेसबॉलमध्ये एवढं आहे तरी काय. त्यांनीही हे वाचावं.

विषय तुम्हाला माहीत आहे. अँड्र्यू मॅककचन. वय ३९, पाठीवर २२ नंबर. २०२५चा हंगाम संपला तसा त्याचा तुमच्याशी असलेला करार संपला आणि तो फ्री एजंट झाला, म्हणजे कोणत्याही संघाशी बोलायला मोकळा. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी तुम्ही त्याला एकेका वर्षासाठी ५० लाख डॉलरवर ठेवलंत. यंदा काहीच नाही. हो नाही, नाही पण नाही. जानेवारीत चाहत्यांचा मेळावा झाला, तिथे तो नव्हता. त्याने समाजमाध्यमावर नाराजी बोलून दाखवली, तीही आम्ही वाचली. आता पंधरवड्यात फ्लोरिडात ब्रेडेंटनला सरावाचं शिबिर सुरू होईल आणि तुमच्याकडून अजून एक ठाम वाक्य आलेलं नाही.

माझा यात संबंध काय, ते सांगतो. मॅककचन जून २००९मध्ये पहिल्यांदा तुमच्यासाठी खेळला. मी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन या गावात शिकायला उतरलो. जन्मसालही आमचं एकच, १९८६. तेव्हा तुमचा संघ दरवर्षी हरायचा. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं विजयांपेक्षा पराभव जास्त, अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत कोणाच्याही नावावर नसलेला विक्रम. तिकीट स्वस्त असायचं, म्हणून आम्ही विद्यार्थी जायचो. क्लेमेंटे पुलावरून चालत जायचं, नदीपलीकडे दिसणारी शहराची इमारतींची रांग बघायची, बटाट्याच्या सारणाच्या पिरोगी खायच्या (आई त्यांना उकडलेल्या करंज्या म्हणते) आणि संघ हरला की पुन्हा चालत यायचं. मैदानाच्या मधोमध एक लांब जटांचा पोरगा धावत असायचा. क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाकडे मी ढुंकून पाहिलं नव्हतं, पण हा पोरगा चेंडूमागे धावताना बघण्यासाठी मी नियम शिकलो.

इथे सगळे त्याला 'कच' म्हणतात. आमच्या पुराणातला कच शुक्राचार्यांकडून संजीवनी शिकून आला होता. या कचानेही मेलेला संघ उठवून बसवला. १ ऑक्टोबर २०१३ची ती सिनसिनाटीविरुद्धची रात्र. सगळं स्टेडियम काळे कपडे घालून आलेलं. त्यांच्या पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या, नावाने चाळीस हजार लोकांचा एका सुरात गजर चाललेला, "क्वे-टो, क्वे-टो". आणि त्या बिचाऱ्याच्या हातून चेंडू खाली पडला. त्यापुढच्याच चेंडूवर आमच्या रसेल मार्टिनने होमरन मारला, म्हणजे आपला षटकारच. मी वरच्या मजल्यावर होतो. शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली, ते रडत होते.

त्याच वर्षी १४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी मॅककचन नॅशनल लीगचा, म्हणजे बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी एकीचा, सर्वोत्तम खेळाडू ठरल्याची बातमी आली. रात्री अकराला, म्हणजे मुंबईच्या सकाळी साडेनऊला, वानखेडेवर सचिनच्या शेवटच्या कसोटीचा दुसरा दिवस सुरू झाला. तो ३८वर नाबाद होता. ७४वर स्लिपमध्ये झेल गेला आणि मी लॅपटॉप मिटला. चाळीस वर्षांचा एक जण उतरत होता आणि सत्तावीस वर्षांचा दुसरा चढत होता. एका रात्रीत दोन्ही पाहिलं. आता माझा हा दुसरा खेळाडू चाळिशीला आला आहे, आणि त्याला वानखेडे मिळणार की नाही हे तुमच्या हातात आहे. (आमच्याकडेही सगळ्यांना वानखेडे मिळत नाही, हे कबूल. लक्ष्मण निरोपाचा सामना न खेळताच गेला. माझा हैदराबादचा मित्र तो विषय निघाला की आजही ताटावरून उठतो.)

आता तुमची बाजू. मीही आकडे वाचतो. २०२५मध्ये मॅककचन १३५ सामने खेळला, सरासरी .२३९ (म्हणजे हजार संधींत २३९ यशस्वी फटके), होमरन १३. क्षेत्ररक्षणाला तो आता क्वचितच उभा राहतो, म्हणजे फक्त बॅटिंगसाठी एक जागा अडवतो. संघात माणसं २६. तुम्ही डिसेंबरात ब्रँडन लाउ आणलात, रायन ओहर्नला दोन वर्षांसाठी २ कोटी ९० लाख डॉलर दिलेत. २०१६च्या डिसेंबरानंतर बाहेरच्या बाजारातून कोणाला एकाहून जास्त वर्षांचा करार देण्याची ही तुमची पहिली वेळ. चांगलं केलंत. गेल्या हंगामात तुमचे होमरन ११७, तीस संघांत सर्वांत कमी. धावाही सर्वांत कमी. अशा संघाला नवे बॅटर हवेतच आणि जुन्याला त्यात जागा उरली नाही असं तुमचं गणित सांगत असेल, तर मी त्या गणिताशी भांडणार नाही. बेसबॉलचा जुन्या काळचा महान खेळाडू बेब रूथ, त्याची गोष्ट याच गावात घडली आहे. २५ मे १९३५ला चाळिशीतल्या रूथने आमच्या फोर्ब्स फील्डवर एका सामन्यात तीन होमरन मारले, शेवटचा तर उजवीकडच्या छपरावरून बाहेर गेला. पण त्या हंगामातली त्याची सरासरी होती .१८१, आणि त्यानंतर आठवड्याभरात तो खेळ सोडून गेला. त्या मैदानाच्या भिंतीचा उरलेला तुकडा इथल्याच ओकलंड भागात अजून उभा आहे. उन्हाळ्यात मी कधी कधी तिथे डबा खातो. म्हातारा खेळाडू दोन्ही देतो, ते तीन होमरनही आणि ती सरासरीही, हे मला तिथे बसून चांगलं समजलेलं आहे.

तरी माझ्या तक्रारी आहेत.

पहिली पैशाची. बेसबॉलमध्ये खेळाडू मोठ्या लीगमध्ये सहा वर्षं भरल्याशिवाय मोकळा होत नाही. पहिली काही वर्षं संघ देईल तो पगार, मग लवादाची वर्षं, आणि सहा वर्षांनी बाजार. म्हणजे अंगात रग असते तेव्हा माणूस स्वस्त, आणि भाव मिळायची वेळ येते तेव्हा संघाचे संगणक त्याचं वय मोजायला लागलेले. मॅककचनने तर २०१२मध्ये तुमच्याशी सहा वर्षांचा करार केला, ५ कोटी १५ लाख डॉलरचा. त्या दराने तुम्हाला लीगचा सर्वोत्तम खेळाडू मिळाला, २०१३, १४ आणि १५ अशी सलग तीन वर्षं प्लेऑफ मिळाले. त्यानंतर आजपर्यंत एकदाही नाही. जानेवारी २०१८मध्ये तुम्ही त्याला सॅन फ्रान्सिस्कोला दिलंत. त्या सौद्यात ब्रायन रेनॉल्ड्स आला, तेव्हा व्यवहार म्हणून तो वाईट नव्हता, हे आज म्हणता येतं. तेव्हा म्हणवलं नव्हतं. संघ विका अशा मागणीच्या अर्जावर हजारोंनी सह्या केल्या, त्यात माझी एक होती. या पत्रात ती मागणी मी करत नाही, तिच्यासाठी लोक विमानामागे फलक लावून फिरवतातच. माझं म्हणणं एवढंच, की उमेदीची वर्षं ज्याने स्वस्तात दिली त्याच्याशी उतारवयात बोलताना बाजारभावाची भाषा थोडी जपून वापरावी.

दुसरी तक्रार वयाबद्दलच आहे, आणि ती मला जास्त टोचते. तुम्हाला म्हातारे चालत नाहीत असं मुळीच नाही. २०२३मध्ये तुमच्याकडे ४३ वर्षांचा रिच हिल होता, ३७ वर्षांचा कार्लोस सांताना होता. २०२४मध्ये ३६ वर्षांच्या अरोल्डिस चॅपमनला तुम्ही १ कोटी ५ लाख डॉलर दिलेत. २०२५मध्ये ३७ वर्षांचा टॉमी फॅम. मग अडतं कुठे? हिल आणि सांताना त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या संघांना देऊन टाकले गेले, बदल्यात तरुण पोरं घेतली. हिवाळ्यात म्हातारा खेळाडू एक वर्षासाठी घ्यायचा, चार महिने खेळवायचा, जुलैअखेर विकायचा. आमच्याकडे जत्रेच्या आधी माल भरून ठेवतात तसंच. मॅककचन या हिशेबात बसत नाही, कारण त्याला जुलैत विकता येत नाही. विकलात तर क्लेमेंटे पुलावर माणसं उभी राहतील. माझा संशय असा, की तुमच्या दृष्टीने त्याची खरी अडचण .२३९ ही नसून हीच आहे. संशय चुकीचा असेल तर आनंद आहे, पण तसं सांगा.

आणि रावडी टेलेझ आठवतो का? सप्टेंबर २०२४, हंगामाचा शेवटचा आठवडा. आणखी चार वेळा बॅटिंगला आला असता तर त्याला २ लाख डॉलरचा बोनस मिळाला असता. त्याआधी तुम्ही त्याला काढलंत. बोनसचा आणि त्या निर्णयाचा संबंध नाही, असं तुम्ही म्हणालात. असेलही तसं. पण गल्लीतल्या किराणावाल्यालासुद्धा कळतं की चार वेळच्या बॅटिंगसाठी असं केलं तर गिऱ्हाईक काय बोलेल.

तिसरी तक्रार आठवणींची, आणि ती थोडक्यात सांगतो कारण ती सांगताना माझा तोल जातो. ज्याच्या नावाचा तो पूल आहे त्या तुमच्या जुन्या महान खेळाडूचा, रोबेर्टो क्लेमेंटेचा, २१ आकडा उजवीकडच्या ज्या भिंतीवर होता, जी भिंत त्याच्या सन्मानार्थ २१ फूट उंच बांधली, तिथे २०२५च्या एप्रिलमध्ये दारूची जाहिरात आली. ओरड झाल्यावर आकडा परत आला, माफीही आली. त्याच महिन्यात, स्टेडियम उभं राहताना चाहत्यांनी पैसे भरून ज्या विटांवर आपल्या माणसांची नावं कोरून घेतली होती, त्या विटा भंगाराच्या आवारात सापडल्या. ते स्टेडियम बहुतांशी लोकांच्या करातून उभं राहिलं आहे, हे विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. जून २०२५मध्ये मॅककचनने तुमच्यासाठी २४१वा होमरन मारून क्लेमेंटेला मागे टाकलं. आता त्याच्यापुढे या संघाचे दोनच जण आहेत, राल्फ कायनर आणि विली स्टारजेल.

स्टारजेलचं नाव निघालं ते बरं झालं. या गावाने बेसबॉलचं जगज्जेतेपद शेवटचं पाहिलं १९७९मध्ये. त्या संघाचा कर्ता पुरुष स्टारजेल होता. सगळे त्याला 'पॉप्स' म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे घरातल्या मोठ्याला 'अण्णा' म्हणतात तसं. चांगलं खेळणाऱ्या पोरांना तो टोपीवर शिवायला कापडी तारे द्यायचा. कोट्यधीश खेळाडू त्या ताऱ्यासाठी जीव टाकायचे. त्या वर्षी त्याने ३२ होमरन मारले, बाल्टिमोरविरुद्ध सातव्या सामन्यात संघ ०-१ने मागे असताना त्यानेच होमरन मारून आघाडी घेतली. वय ३९.

मॅककचन १९७९चा स्टारजेल नाही, हे मला कळतं. ३२ होमरन तो मारणार नाही. पण तुमच्याकडे आज पॉल स्कीन्स आहे, २०२५चा साय यंग विजेता, म्हणजे लीगचा सर्वोत्तम पिचर, नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी १.९७ आणि तरी दहा विजय, दहा पराभव, कारण बाकीच्यांना धावा करता येत नाहीत. कॉनर ग्रिफिन नावाचा १९ वर्षांचा पोरगा दार ठोठावतो आहे. या पोरांच्या मधे हरलेल्या दिवशी कसं बसायचं हे माहीत असलेला एक माणूस असावा की नसावा? सेंट लुईसने २०२२मध्ये ४२ वर्षांच्या पुहोल्सला २५ लाख डॉलरवर परत आणलं. लोक म्हणाले, तिकीट विकायला आणलाय. त्याने २४ होमरन मारून कारकिर्दीतल्या सातशे होमरनचा टप्पा ओलांडला, आणि तो संघ प्लेऑफमध्येही गेला.

मी पुलांचा इंजिनियर आहे. या गावात पुलांची कमतरता नाही, त्यामुळे माझं पोट भरतं. जुना पूल तपासताना आम्ही त्याचं वय विचारून पाडायला निघत नाही. तो आज किती भार घेईल ते मोजतो, आणि कमी घेत असेल तर वजनमर्यादेची पाटी लावतो. ट्रक दुसरीकडून, गाड्या इथून. पाडायचाच असेल तर तारीख जाहीर करतो, वळणरस्ता दाखवतो. जे चालत नाही ते म्हणजे अहवाल फायलीत ठेवून गप्प बसणं. जानेवारी २०२२मध्ये फ्रिक पार्कमधला पूल कोसळला तो तसाच.

आता मागण्या. एक, ब्रेडेंटनचं शिबिर सुरू होण्याआधी, यंदा मॅककचनला संघात जागा आहे की नाही ते जाहीर सांगा. आणि आम्हाला सांगण्याआधी त्याला सांगा, समोर बसून.

दोन, जागा असेल तर पाटी लावा. आठवड्यात किती सामने, कोणत्या पिचरविरुद्ध, राखीव म्हणून केव्हा, हे करारातच ठरू दे. तो रोज खेळावा असा माझा हट्ट नाही. ५० लाखांहून कमी द्यायचे असतील तर तसंही बोला. तो ऐकणार नाही असं तुम्हीच ठरवू नका.

तीन, जागा नसेल तर आपल्या स्टेडियमवर, पीएनसी पार्कवर, त्याचा एक दिवस ठेवा. एका दिवसाचा करार करून निवृत्त होऊ द्या, त्याला दुसरीकडे खेळायचं असेल तर तो संघ आपल्या गावात येईल त्या दिवशी करा. २०१८च्या मे महिन्यात तो सॅन फ्रान्सिस्कोच्या कपड्यांत आला तेव्हा आम्ही उभे राहून टाळ्या वाजवत राहिलो होतो. ते आम्ही केलं होतं, आता तुमची पाळी. आणि २२ नंबर पुढच्या कोणाला देऊ नका.

चार, त्याला न घेऊन वाचलेले पैसे कुठे गेले ते हंगामाच्या शेवटी दिसू दे. स्कीन्स २०२९च्या हंगामानंतर मोकळा होईल. तुम्ही कचशी कसे वागता ते तो बघतो आहे.

शेवटी घरचं एक सांगतो. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, विटा आगारात. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या गाडीला झेंडूच्या माळा होत्या. संध्याकाळी डेपोत शाल, श्रीफळ, पेढे. त्या दिवशी नानांनी गाडी इतकी सावकाश चालवली की वीस मिनिटं उशीर झाला, आणि कंट्रोलरने वहीत तो लिहिला नाही. फेरी शेवटची आहे हे नानांना घरून निघतानाच माहीत होतं, म्हणून त्यांना ती तशी चालवता आली. गेल्या सप्टेंबरात घरच्या मैदानावर शेवटचा सामना झाला तेव्हा मी मुलाला घेऊन गेलो होतो. मॅककचनची ती शेवटची फेरी होती का? मला माहीत नव्हतं. त्यालाही माहीत नसावं. परवा नानांनी फोनवर विचारलं, "अरे, तुझा तो बावीस नंबर राहिला का गेला?" मी म्हटलं, "अजून कळवलं नाही त्यांनी." नाना म्हणाले, "एवढं साधं कळवायला काय होतंय?"

उत्तराच्या अपेक्षेत,

आपला,
वरच्या मजल्यावरचा एक प्रेक्षक

ता. क. मुलाचा २२ नंबरचा शर्ट आता त्याच्या पोटावर चढतो. तो नऊ वर्षांचा आहे, दर महिन्याला वाढतो आहे. मोठ्या मापाचा घ्यायचा की थांबायचं, ते मार्चच्या आत कळलं तर बरं.